सतरंज्या उचलणाऱ्यांचा सत्कार

सत्काराची पत्रिका छापायला गेली की नावांची उतरंड आपोआप लागते. सगळ्यात वर आमदार, मग माजी आमदार, मग सभापती, मग 'प्रमुख उपस्थिती'ची वीसेक नावे. पार तळाशी, बारीक टायपात, सत्कारमूर्ती. ज्यांच्यासाठी मांडव घातला त्यांचीच नावे वाचायला चष्मा शोधावा लागतो. तीस-तीस वर्षे बूथवर बसलेला कार्यकर्ता, गावाचं पाणी सोडणारा कर्मचारी, अंगणवाडीतल्या मदतनीस, आशाताई यांचे सत्कार हल्ली बरेच होतात. चांगलंच आहे. पण कार्यक्रम उरकल्यावर त्या माणसाने नेमकं काय केलं, हे समोर बसलेल्यांपैकी कुणालाही सांगता येत नाही. तेवढं सांगता येईल असा सत्कार करायचा, तर शालींची ऑर्डर देण्याआधी महिनाभर वहीपेन घेऊन बसावं लागतं.

त्याहीआधी एक गोष्ट ठरवायची: मंच एक की दोन? पक्षाचा कार्यकर्ता आणि सरकारी कर्मचारी यांना पक्षाच्या बॅनरखाली एकत्र बसवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि गोत्यात येतो तो कर्मचारी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाशी संबंध ठेवता येत नाही. स्वतःच्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जायला किंवा मानपत्र घ्यायलाही शासनाची पूर्वपरवानगी लागते. बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा खासगी, घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ आणि सार्वजनिक संस्थेने केलेला साधा, कमी खर्चाचा कार्यक्रम यांना सूट आहे. म्हणून सेवेत असलेल्यांचा सत्कार ग्रामपंचायत, ग्रंथालय, तरुण मंडळ अशा संस्थेच्या नावाने करावा आणि त्यांच्या कार्यालयाला आधी पत्र द्यावं. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे वेगळे वर्तणूक नियम आहेत, तिथेही हीच काळजी घ्यायची. ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा आशाताई या अर्थाने शासकीय नोकर नाहीत, पण पक्षाच्या उपरण्यासकट काढलेला त्यांचा फोटो पुढच्या सरपंचाच्या काळात त्यांच्याच विरोधात वापरला जातो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

याच बंधनाचा एक उपद्व्याप मानपत्रात होतो. निवृत्त शासकीय कर्मचाऱ्याच्या कौतुकात कुणीतरी हौसेने लिहून जातं, 'नोकरी सांभाळून प्रत्येक निवडणुकीत पक्षाचे बूथ सांभाळले.' लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४अ नुसार सरकारी सेवेतल्या माणसाने उमेदवाराचा मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होणं हा गुन्हा आहे; तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कौतुक म्हणून लिहिलेलं वाक्य छापील कबुलीजबाब ठरतं.

आता माहिती गोळा करण्याकडे. 'काय काय केलंत?' असं विचारलं की जुना कार्यकर्ता हमखास म्हणतो, 'आपण काय, सतरंज्या उचलल्या.' प्रश्नच चुकलेला असतो. त्याला कामाची नावं घेऊन विचारायचं. मतदारयादी कोण फोडायचं? गल्लीवार की आडनावांवरून? मयत आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं कोण मार्क करायचं? स्लिपा किती घरांत वाटल्या? दुपारी तीननंतर मतदान काढायला कोणत्या वस्तीवर जायचात? बूथच्या आत बसायचात की बाहेर टेबलावर? आत बसणाऱ्याचं काम वेगळंच आहे आणि बहुतेक श्रोत्यांना ते माहीतही नसतं. लोकसभा-विधानसभेचं मतदान सकाळी सातला सुरू होणार असेल, तर अभिरूप मतदान (मॉक पोल) नव्वद मिनिटं आधी, म्हणजे साडेपाचला. त्यात किमान ५० मतं टाकून, मोजून, ती यंत्रातून पुसली गेल्याची खात्री करायची, सीलवर सही करायची. मग दिवसभर नाव पुकारलं की यादीवर खूण. तोतया मतदाराचा संशय आला तर दोन रुपये अनामत भरून आक्षेप घ्यायचा. शेवटी नमुना १७क ची, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही, कारण मोजणीच्या टेबलावर यंत्रातला आकडा त्या कागदाशीच ताडून बघतात. हे सगळं पाच-सहा निवडणुकांत न चुकता केलेल्या माणसाला 'पक्षाचे निष्ठावंत कार्यकर्ते' एवढ्यावर बोळवण करणं म्हणजे कंजुषी आहे.

वर्षं कुणालाच आठवत नाहीत. तिथे खुंट्या लागतात: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? आणीबाणीनंतरच्या ७७ च्या निवडणुकीला होतात का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ला, मदतीची गाडी घेऊन कोण गेलं होतं? शिक्का मारायचा कागद जाऊन यंत्र आलं तेव्हा बूथवर कोण होतं? (देशभर सगळीकडे यंत्रावर झालेली पहिली लोकसभा २००४ ची.) तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासूनची, समितीत कोण कोण होतं? अशा दहा-बारा खुंट्या एका कागदावर लिहून नेल्या की तासाभरात माणूस तीस वर्षं सांगतो. बरोबर त्याच्या वयाचा आणखी एक जण बसवावा. दोघं एकमेकांना दुरुस्त करतात, आणि वाद झाला की खरी तारीख बाहेर पडते. मग पुरावा बघायचा: जुने प्रतिनिधी नेमणुकीचे नमुने, १७क च्या पिवळ्या पडलेल्या प्रती, मोजणीचे पास, ग्रामसभेच्या इतिवृत्तातल्या सह्या. ट्रंकेच्या तळाशी यातलं काहीतरी सापडतंच. मूळ कागद नेऊ नये; तिथेच फोनवर फोटो काढावा. नेलेले कागद परत येत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कागद जास्त आणि बोलणं कमी. पाणी सोडणाऱ्याचंच बघा. त्याच्या कामाचं मोजमाप कौतुकाच्या विशेषणात नसतं, रजिस्टरात असतं. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं, नळाला ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) घेणं, पाणी पिवळं झालं की नोंद करणं, नाही झालं तर पुन्हा मात्रा देणं. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं, ते राहतं की नाही हे रोज बघणारा माणूस तो. पाण्याच्या तपासणीत ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. गावाकडे चंदेरी कार्ड असेल तर मानपत्राचं पहिलं वाक्य तेच. गावात काविळीची साथ आली नाही याचं श्रेय न घेतलेल्या माणसाला ते लेखी मिळायला हवं.

आशाताईंचंही तसंच. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा गृहभेटी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. वर्षाला वीस बाळंतपणं धरली तरी १२० भेटी, पंधरा वर्षांत १,८००. हा हिशेब नुसताच अंदाजाने मांडू नये, त्यांच्या नोंदवहीतला खरा आकडा घ्यावा. तो एकदा वाचला की सभागृह गप्प होतं. आशा योजना २००५ ची, अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ पासूनची. दोघींना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. मानपत्रात 'नोकरी' आणि 'सेवा' हे शब्द जपून वापरावेत. ज्यांना वर्षानुवर्षं 'तुमची सेवा आहे हो' असं म्हणून कमी पैशांवर राबवलं, त्यांना तोच शब्द फ्रेम करून देण्यात औचित्य नाही. पदाचं नावही त्या काळातलं घालावं. आज ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण १९९० साली ते तलाठीच होते आणि लोक त्यांना भाऊसाहेबच म्हणत.

ग्रामपंचायतीच्या माजी महिला सदस्यांचा सत्कार हे वेगळं प्रकरण आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर, १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या. म्हणजे प्रत्येक गावात एक-दोन टर्म केलेल्या बऱ्याच बायका आहेत. पुकारा त्यांचा होतो आणि उठतात यजमान. निवेदकाने आधीच सांगून ठेवावं की शाल त्यांच्याच खांद्यावर पडेल आणि माईकही त्यांच्याच हातात जाईल. त्यांच्याशी माहितीसाठी बोलतानाही घरातल्या पुरुषांना चहापुरतं बाहेर बसवलं, तर ठराव कुणी मांडला आणि कुणी अडवला हे नीट कळतं.

कुणाला घ्यायचं याचा निकष आधी लेखी ठरवावा आणि ग्रुपवर टाकावा. उदाहरणार्थ, सलग वीस वर्षं काम, वय साठच्या पुढे, कोणत्याही पक्षाचा चालेल. निकष नसला की यादी रुसव्याफुगव्यांवर वाढत जाते. बारा जणांचा कार्यक्रम चाळिसांवर जातो आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळतं. मधेच पक्ष बदललेला माणूस घ्यायचा का, यावर बैठक हमखास मोडते. घ्यावा, असं आमचं मत. ज्या वर्षांत ज्यांच्यासाठी राबला ती वर्षं तशीच लिहावीत. दिवंगतांसाठी वेगळा भाग नको, त्याच क्रमात नाव यावं आणि घरच्यांना पुढच्या रांगेत खुर्ची असावी.

मानपत्र १२० ते १५० शब्दांचं पुरे. सावकाश वाचलं तर दीड मिनिट. त्यात निदान दोन तारखा, एक ठिकाण आणि एक आकडा हवा. अजातशत्रू, धडाडीचे, तळागाळातले, सर्वांना सोबत घेऊन चालणारे, हे शब्द काढून टाकल्यावर काही उरत नसेल तर पुन्हा त्यांच्या घरी जावं. नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारावं. मतदारयादीतून उतरवलं तर यादीतली चूक फ्रेममध्ये जाते. आणि छापखान्याचा घोळ: आपण फोनवर युनिकोडमध्ये टाईप करतो, छापणारा ते जुन्या फाँटमध्ये बदलून घेतो, आणि रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात. त्यामुळे मजकूर फोनवर तपासून भागत नाही. छपाईला जाणारी पीडीएफ मागवून, मोठी करून, दोघांनी मोठ्याने वाचावी. फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक बरं, घरी नेताना फुटत नाही.

वेळेचं गणित कागदावर करावं. बारा सत्कारमूर्ती, प्रत्येकी चार मिनिटं (नाव, मानपत्र, शाल, फोटो, त्यांचे दोन शब्द), म्हणजे ४८ मिनिटं. एवढंच मूळ काम आहे. बुडतो तो वेळ पाहुण्यांच्या स्वागतात: मंचावर पंधरा जण, प्रत्येकाला पुष्पगुच्छ, प्रत्येकाचं नाव पदांसह, सरळ अर्धा तास. त्यावर प्रास्ताविक. मुख्य सत्कार सुरू होईपर्यंत पाहुण्यांना पुढच्या लग्नाला जायचं असतं, मग उरलेल्यांना 'सामुदायिक फोटो' मिळतो. क्रम उलटा करावा. दीपप्रज्वलनानंतर थेट सत्कार, पाहुण्यांचं स्वागत एका वाक्यात, भाषणं शेवटी. फेटे बांधायचे असतील तर ते मंचावर नको. माणशी तीन-चार मिनिटं धरून तासभर आधी मागच्या खोलीत. मंचाला कठडा नसेल तर गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना वर चढवू नये, पाहुण्यांनी खाली उतरावं. पेरणीचे दिवस आणि दाट लग्नतिथी टाळाव्यात. बीएलओंचा (मतदारयादीचं काम बघणाऱ्या बूथ पातळीवरच्या अधिकाऱ्यांचा) सत्कार असेल तर २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन, सोयीचा पडतो. पंचायतीतल्यांसाठी २४ एप्रिल, राष्ट्रीय पंचायतराज दिन. आचारसंहितेच्या काळात भेटवस्तूंचा कार्यक्रम घेऊच नये. तेव्हा शालीचीही तक्रार होते. आणि लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, म्हणजे साडेनवाला आभार.

पैशांचं थोडक्यात. ग्रामनिधीतून खर्च करायचा तर आधी ठराव, मग कोटेशन, मग बिल. उलट्या क्रमाने केलं की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि वसुली निघते. वर्गणी असेल तर पावतीपुस्तक, आणि हिशेब आठ दिवसांत फळ्यावर. गौरवनिधी देणार असाल तर खात्यावर द्यावा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या पुढे गेली तर ती सगळीच करपात्र होते, हे घेणाऱ्याला आधी सांगावं. ट्रॉफीवर फार खर्च करू नये, ती धूळ खाते. त्यापेक्षा सत्तरी ओलांडलेल्यांची आयुष्मान वय वंदना कार्डं कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी काढून घ्यावीत. पाच लाखांपर्यंतचं उपचाराचं संरक्षण आहे, आणि आधारवरची जन्मतारीख चुकलेली असेल तर तेव्हाच लक्षात येते.

कार्यक्रमानंतर सगळी मानपत्रं आणि कागदांचे फोटो एका फाईलमध्ये लावून तिच्या तीन प्रती कराव्यात: एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात आवक क्रमांक टाकून, एक वाचनालयात, एक शाळेत. दप्तरातल्या प्रतीची पोच घ्यायला विसरू नये.