तुम्ही विचारलंत म्हणून : लाच न घेता ती घसरली कशी?

आमच्या वाचनालयात पीएसआयच्या परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलंमुली बसतात. त्यांच्यापैकी ज्यांनी माझ्याकडून किम वोझनक्राफ्टची 'रश' ही एका महिला पोलिसाच्या घसरणीची कादंबरी नेली, त्यांचा परत करतानाचा प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, हिला कोणी पैसे चारले नाहीत, मग एवढी चांगली अधिकारी घसरली कशी? की लेखिकेनं रंगवून लिहिलंय?" आजवर उभ्या उभ्या उत्तर दिलं. आज सविस्तर लिहिते.

आधी रंगवण्याचं. वोझनक्राफ्ट स्वतः १९७०च्या दशकाच्या अखेरीला टेक्सासमधल्या टायलर शहरात वेषांतर करून अमली पदार्थांचे सौदे पकडणारी पोलीस होती. त्या कामात ती व्यसनात सापडली, कोर्टात खोटी साक्ष दिली, पुढे ते कबूल केलं आणि तुरुंगात गेली. सुटल्यावर कोलंबिया विद्यापीठात लेखनाचं शिक्षण घेतलं आणि १९९० मध्ये ही कादंबरी आली. नावं, गाव बदललंय, पण घसरणीची एकेक पायरी तिच्या पायाखालून गेलेली आहे.

त्यातली पहिलीच पायरी बघा. कादंबरीची नायिका क्रिस्टन नवखी, तिचा जोडीदार जिम मुरलेला. दोघं गिऱ्हाईक बनून विकणाऱ्यांत मिसळतात. विकणारा कच्चा नसतो. तो म्हणतो, आधी माझ्यासमोर घे. नाही म्हटलं तर पोलीस असल्याचा संशय, आणि संशय आला की जिवाशी गाठ. घेतलं तर सौदा होतो, आरोपी मिळतो, साहेब खूश. मात्र रिपोर्टमध्ये 'मीही घेतलं' असं लिहिता येत नाही, कारण बचावाचा वकील त्या एका वाक्यावर खटला उडवेल. म्हणून ते वाक्य गाळलं जातं. माझ्या मते क्रिस्टन तिथे घसरली. सुई नंतरची. साहेबांना सगळं कळत असतं, पण ते विचारत नाहीत, आणि त्या न विचारण्यावरच सगळी मोहीम उभी असते. पुढे सवय लागते, पुराव्यासाठी आणलेल्या मालातून थोडा थोडा उचलला जातो, आणि वरून हुकूम येतो की शहरातला तो बडा मासा आत गेलाच पाहिजे. पुरावा नसतो. मग शपथ घेऊन खोटं बोलणं एवढंच उरतं, आणि तोवर दोघांना खोट्याचा सराव झालेला असतो.

मला हे पुस्तक इतकं लागतं याचं कारण माझी नोकरी. सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे, खटले मी उतरवून घेतले आहेत. मुद्देमाल समोर आणला जातो : तपकिरी पाकीट, त्यावर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल. वकील आधी पाकीट उलटंपालटं करून सील बघतात, मग पंचाला विचारतात, वजन तुमच्यासमोर केलं का? काटा कोणी आणला? सही केलीत तेव्हा कागदावर आकडा लिहिलेला होता का? या तिसऱ्या प्रश्नाला पंच गप्प झाला की न्यायाधीश मान वर करून बघायचे.

आणि त्या आकड्याला केवढी किंमत आहे! मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे एमडी म्हणतात, ते ५० ग्रॅमच्या वर गेलं की कायद्याच्या भाषेत व्यावसायिक प्रमाण : किमान १० वर्षं सक्तमजुरी, वर २० पर्यंत, आणि जामीन महाकठीण. त्याच्या आत असेल तर किमान शिक्षेची अट नाही. चार ग्रॅम इकडचे तिकडे करणाऱ्या हातात एखाद्या पोराची दहा वर्षं असतात. अशा वेळी मोह दोन्ही बाजूंनी येतो. कोणी कमी करायला पैसे देईल, आणि कोणी 'हा हरामखोर सुटता कामा नये' म्हणून स्वतःहून वाढवेल. यातल्या दुसऱ्या माणसाला आपण भ्रष्ट म्हणायला कचरतो. मी कचरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये पोलिसांतला भ्रष्टाचार तपासणाऱ्या नॅप आयोगाच्या १९७२ सालच्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे. अमली पदार्थ विभागातले पोलीस सापडलेल्या मालात भर घालून गुन्हा मोठा करायचे, खिशात माल टाकून अटक करायचे, आणि व्यसनी खबऱ्यांना हेरॉइन द्यायचे. खबऱ्याची गोष्ट मुलांनी नीट समजून घ्यावी असं मला फार वाटतं. खबऱ्या स्वतः व्यसनी असतो. माल मिळाला नाही की तो तडफडतो, घाम फुटतो, उलट्या होतात, आणि तो तुमच्याकडेच येतो, कारण तुमच्यासाठी त्यानं जीव धोक्यात घातलेला असतो. रॉबर्ट ल्यूसी हा तिथल्या खास पथकातला डिटेक्टिव्ह. त्यानंही खबऱ्यांना माल पुरवला होता. दया आली म्हणून दिलेली ती पुडी आणि बातमी हवी म्हणून दिलेली पुडी एकच असते. पुढे त्यानं सरकारी वकिलांसाठी अंगावर रेकॉर्डर लावून काम केलं, पण आपले गुन्हे सांगताना आधी मोजकेच सांगितले, बाकीचे फार उशिरा. निवृत्तीनंतर तोही गुन्हेगारी कादंबऱ्या लिहू लागला.

त्याच वर्षी उघडकीला आलं की न्यूयॉर्क पोलिसांच्या मालखान्यातून शेकडो पौंड हेरॉइन आणि कोकेन गायब आहे आणि पुड्यांत पीठ भरलेलं आहे. माल नोंदवहीत सह्या करून बाहेर काढला होता. आपल्याकडेही जप्त मालाची चोरी आणि अदलाबदल होते ही काळजी सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या मोहनलाल प्रकरणात बोलून दाखवली, आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घ्या, माल वेळेत नष्ट करा, असं बजावलं.

यावर एक मुलगी मला म्हणाली, "मग मॅडम, या शाखेत जाऊच नये का?" जावं. चांगल्या माणसांनी तर जावंच. पण गिऱ्हाईक बनून पाठवतील तेव्हा विचारून घ्यावं : किती महिन्यांसाठी? मधे मला कोण भेटणार? समोरच्यानं 'घे' म्हटलं तर काय करायचं, आणि घ्यावंच लागलं तर ते कोणत्या कागदावर लिहायचं? हे प्रश्न ऐकून साहेब चिडले, तर तुम्ही अडकल्यावर ते तुमच्या मागे उभे राहणार नाहीत, हे आधीच कळेल. क्रिस्टननं यातलं काहीच विचारलं नव्हतं. तिला ते काम मनापासून हवं होतं, आणि नव्या माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटते.

कादंबरी इंग्रजीत आहे, पण जड नाही. दर शनिवारी सकाळी मी वाचनालयात असते.