थकलेलं बिल आणि दोन पदव्या

रविवार, रात्री

एलएलबी चालू असताना मी एम.ए. अर्थशास्त्राला नाव घातलं, तेव्हा आप्पांनी आधी विचारलं, "हे चालतं का?" विचारलं ते बरोबरच. कायद्याची पदवी करताना दुसरी नियमित पदवी घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत तशी मनाई आहे. दूरशिक्षणाला मात्र त्याच नियमात सूट आहे. म्हणून दिवसा लॉ कॉलेज आणि रात्री जमेल तसं इग्नूचं एम.ए. बाहेरच्या काही विद्यापीठांत दोन्ही विषय मिळून एकच पदवी असते. सोलापुरात बसून ती जोडणी आपली आपणच करायची.

"बाबासाहेबांनीही दोन्ही केलं होतं," असं आमचे एक सर कौतुकाने म्हणतात. केलं होतं खरं. १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३ साली तिथलीच अर्थशास्त्रातली डी.एससी., प्रबंधाचा विषय रुपया. पण हे ऐकून मला हुरूप येत नाही, घाम फुटतो.

माढ्याच्या मामांचं उसाचं बिल थकलंय. कायद्यात उत्तर सरळ आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. तरी दाद लागली नाही तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचं प्रमाणपत्र, काढतात आणि जिल्हाधिकारी महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. मामा म्हणाले, "व्याज मागितलं अन् पुढच्या हंगामात आमच्याकडं कारखान्याची तोडणीची टोळीच आली नाही तर? उभा ऊस फडात वाळायचा."

यावर आदेशात काही नाही. अर्थशास्त्रात आहे. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडलं की नियम मोडणारा नुसता दंड किती ते बघत नाही, दंड बसायची शक्यता किती तेही बघतो. १५ टक्के कागदावर जबर दिसतात. पण समजा शंभरातल्या दहाच शेतकऱ्यांनी ते मागितले, तर कारखान्याला सरासरी दीड टक्काच पडला. एवढं स्वस्त कर्ज कुठली बँक देते? म्हणजे दर १५ चा २० केला तरी मामांसारखे गप्पच राहणार. तोड ज्याच्या हातात, त्याच्याकडेच व्याज मागायचं, ही खरी अडचण. अर्ज न करता व्याज आपोआप बिलातच धरलं गेलं तर? हे माझं मत. पेपरात लिहिलं तर मार्क मिळतील की जातील, सांगता येत नाही.

दुसरा अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस, त्याचा १९६० चा लेख मात्र मला पुरता पटलेला नाही. त्यात १८७९ चा एक इंग्लिश खटला आहे. मिठाईवाल्याच्या खलबत्त्यांचा दणका आणि पलीकडे डॉक्टरची तपासणीची खोली. कोर्टाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोसचं म्हणणं, बोलणी करायला खर्च येत नसेल तर निकाल कसाही लागो, दोघं सौदा करतील आणि हक्क ज्याला जास्त मोलाचा त्याच्याकडेच जाईल. आमच्या घरामागे यंत्रमाग आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्याला खटखटीची सवय असते, पण परीक्षा आली की ती डोक्यात जाते. कोसच्या हिशेबाने मी मालकाला पैसे देऊन रात्रपाळी बंद करून घ्यावी. पैसे आणायचे कुठून? खिसा रिकामा असला की झोपेची किंमतही शून्य धरायची का? शिवाय माग एकाचे नाहीत, गल्लीभर आहेत, कुणाकुणाशी बोलणार? हा बोलणीच्या खर्चाचा मुद्दा कोसनेच पुढे घेतलाय म्हणा. लोक पहिलं अर्धं वाचून थांबतात, त्याला तो काय करणार.

युरोपात कायदा आणि अर्थशास्त्र मिळून एक वर्षाचा मास्टर आहे, रॉटरडॅम, हॅम्बुर्ग अशा विद्यापीठांत फिरत करायचा. फी बघून पान मिटलं. शिष्यवृत्तीचं उद्या शोधते. त्याआधी एम.ए.ची संख्याशास्त्राची असाइनमेंट संपवायची आहे. आणि मामांकडून उसाच्या वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो मागवायचेत. अर्ज करोत न करोत, तारखा तरी हाताशी असू देत.