सीटीएलए-४ दिसत नाही? आधी तापमान बघा

टी-पेशी रंगीत अँटिबॉडीने रंगवून फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) सीटीएलए-४, म्हणजे टी-पेशींना आवर घालणारं प्रोटीन, मोजलं की आलेखाचं शिखर निगेटिव्हच्या (न रंगलेल्या पेशींच्या) जेमतेम उजवीकडे सरकलेलं दिसतं. लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नका. या प्रोटीनचा ढोबळमानाने ९० टक्के साठा पेशीच्या आतच असतो. पृष्ठभागावर ते येतं, पण काही मिनिटांचं पाहुणं म्हणून.

गोम या प्रोटीनच्या पेशीच्या आत असलेल्या शेपटीत आहे. तिथे वायव्हीकेएम हा चार अमिनो आम्लांचा क्रम आहे. त्यातल्या टायरोसिनवर फॉस्फेट नसलं की एपी-२ हे जोडणारं प्रोटीन तो क्रम पकडतं आणि क्लॅथ्रिनचं आवरण असलेल्या पुटिकेतून प्रोटीन आत ओढलं जातं. पुढे एक तर लायसोसोममध्ये विघटन, नाहीतर पुन्हा वर. परतीची वाट एलआरबीए हे प्रोटीन राखतं. ते जन्मतः नसलेल्यांच्या पेशी सीटीएलए-४ बनवतात, पण ते लायसोसोममध्ये संपतं. एवढी ये-जा कशासाठी? समोरच्या पेशीवरची, टी-पेशींना चेतवणारी सीडी८० आणि सीडी८६ ही प्रोटीनं खुडून आत नेण्यासाठी, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. रहाटगाडगंच ते, फक्त गाडगी वर भरतात आणि खाली रिती होतात.

म्हणून एक नळी पुरत नाही, तीन लागतात. सीडी३/सीडी२८ या टी-पेशीवरच्या रेणूंवाटे ४८ तास उत्तेजित केलेल्या पेशी घ्या. विश्रांतीतल्या साध्या टी-पेशींत फारसं काही सापडणार नाही. पहिली नळी बर्फावर, ३० मिनिटं; थंडीत ये-जा थांबते: फक्त पृष्ठभाग. दुसरीत अँटिबॉडी माध्यमातच घालून ३७ अंशांवर १ तास: या वेळात जे जे वर येऊन गेलं ते सगळं. तिसरी फिक्स करून (पेशी रसायनाने गोठवून) पेशीपटलाला छिद्रं पाडणाऱ्या ०.१ टक्का सॅपोनिनमध्ये: एकूण साठा. तिन्हींना अँटिबॉडीचा क्लोन (वाण) आणि रंग एकच हवा.

चुका बहुतेक दुसऱ्या नळीत होतात. अ‍ॅझाइड (टिकवण्यासाठीचं रसायन) असलेली अँटिबॉडी तिथे चालत नाही, ये-जाच मंदावते. एफआयटीसी हा रंग आम्लधर्मी एंडोसोममध्ये (आत ओढलेल्या पुटिकेत) फिका पडतो. अलेक्सा ६४७ हा रंग बरा. आयसोटाइप कंट्रोलही (सीटीएलए-४ला न चिकटणारी, तुलनेसाठीची अँटिबॉडी) ३७ अंशांवरच ठेवा, कारण पेशी भोवतालचा द्रव पीतच असतात. पहिल्या नळीचा बफर आधीच गार केलेला हवा. टेबलावर रेंगाळलेली नळी नकळत दुसरी होऊन बसते. तिसरीत सॅपोनिनची छिद्रं पुन्हा बुजतात, म्हणून धुण्याच्या बफरमध्येही सॅपोनिन घाला. वरून खाली येणारं आणि खालून परत वर जाणारं वेगळं मोजायचं असेल तर आधी ३७ अंशांवर बिनरंगी अँटिबॉडी द्या, मग बर्फावर बिनरंगी दुय्यम (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या) अँटिबॉडीने पृष्ठभाग झाकून टाका आणि शेवटी ३७ अंशांवर रंगीत दुय्यम द्या. आता चमकेल ते फक्त परतलेलं.

एकूण साठाच कमी निघाला तर लायसोसोममधलं विघटन रोखणारं बॅफिलोमायसिन काही तास देऊन तिसरी नळी पुन्हा करा. आकडा ठळकपणे वर गेला, तर उत्पादन ठीक आहे आणि गळती लायसोसोमकडे आहे.