तळ्याकाठची सुट्टी आणि गळ्यातली शिट्टी

सगळं घर बरोबर घेऊन तळ्याकाठी राहायला गेलं की आराम आपोआप होतो, असा एक गोड समज आहे. तसं काही होत नाही. घरकामाची जागा तेवढी बदलते, आणि वर पाण्याची धास्ती. सुरुवातीला मी खुर्चीत बसले की लगेच उठायचे. टॉवेल वाळत घाल, कोणाची चप्पल पाण्याकडे चाललीय ते बघ, उन्हाचं क्रीम कोणाला लावायचं राहिलंय ते शोध. सासूबाई म्हणाल्याच, "अगं, तू बसत नाहीसच. नुसती टेकतेस."

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली दीड हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सुट्टीहून परत आलेले लोक कुठेच न गेलेल्यांपेक्षा जास्त आनंदी असतात का, असा प्रश्न होता. उत्तर आलं, बहुतेक जण नसतात. आपली सुट्टी 'अगदी निवांत' गेली असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत तेवढा फरक दिसला. नुसती 'निवांत' गेलेलीसुद्धा पुरली नव्हती! हे वाचून ठेवलं होतं, म्हणून मी यावेळी निवांतपणाच्या मागे जरा हात धुऊन लागले. ऐकायला विनोदी वाटतं खरं, पण घरात चार मोठी आणि चार लहान माणसं असली की निवांतपणाचीही व्यवस्था लावावीच लागते.

ऑफिसचं प्रकरण त्यामानाने सोपं निघालं. अर्धवट राहिलेली कामं डोक्यात घोळत राहतात हे आपण सगळेच जाणतो. मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की ते घोळणं थांबायला काम पूर्णच व्हावं लागतं असं नाही; ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरलं तरी मन त्याला सोडतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक अर्धवट कामापुढे लिहून ठेवलं, परत आल्यावर पहिलं काय करायचं, कोणत्या दिवशी, आणि तोवर कोणाला विचारायचं. मग फोन ड्रॉवरमध्ये. दिवसातून एकदा बघायचा, तोही उभ्याउभ्या. बसून बघितला की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

खरी गाठ पाण्याशी होती.

तळं शांत दिसतं म्हणून आपण गाफील राहतो. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो असं डोळ्यांपुढे असतं, पण प्रत्यक्षात बहुधा तसं घडत नाही. तोंड पाण्याबाहेर येतं ते जेमतेम श्वास घेण्यापुरतं, त्यात हाक कुठून मारणार? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, वर उचलून हलवता येतच नाहीत. हे सगळं साधारण २० ते ६० सेकंदांत होऊन जातं, आणि तेही गुपचूप. पाठ वळवून कोणीतरी पाव कापेपर्यंतचा वेळ. हे माहीत असलेल्या माणसाला आरामखुर्चीत डोळे मिटता येतील का?

आमच्याकडे आठ जणांत चार मोठे, म्हणजे आठ डोळे मुलांवर. वाटायला भक्कम. पण नीट पाहिलं तर प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कोणीतरी बघतोच आहे. मी मात्र सतत अर्धी बघत होते. धड पहारा नाही, धड विश्रांती नाही. माझा थकवा पोहण्याचा किंवा कामाचा नव्हताच, या अर्धवट बघण्याचा होता.

म्हणून पाळ्या लावल्या. एका दोरीत शिट्टी ओवली. ती ज्याच्या गळ्यात, त्याने पाण्याकडे बघायचं. वाचायचं नाही, खायचं नाही, फोन नाही, गप्पाही नाहीत. अर्ध्या तासाने शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि तोंडाने म्हणायचं, "पाणी तुझ्याकडे." समोरच्याने "माझ्याकडे" म्हटल्याशिवाय पाळी संपली असं धरायचं नाही. पोहता न येणाऱ्या पोरांना लाइफ जॅकेट, आणि सोबत हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस. फुगवायच्या रिंगा खेळण्यांत मोजायच्या, सुरक्षेत नाही.

नियम करणं सोपं होतं, पाळी नसताना न बघणं कठीण. पहिल्यांदा शिट्टी धाकट्या दिरांना दिली आणि पुस्तक उघडलं, तर एका ओळीमागे एकदा मान वळायची. दिरांनी ते टिपलं. "वहिनी, शिट्टी तुमच्याकडे आहे का? नाही ना? मग तिकडे बघा." मी खुर्चीच फिरवली. तळ्याकाठी जाऊन तळ्याकडे पाठ करून बसलेली बाई बघून येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. पण खांदे खाली आले ते तेव्हा. तोवर ते कानाशी चढलेत हे कळलंही नव्हतं. थोड्या वेळाने मागून पाण्याचा चुबुक आवाज आला, एक पोर खिदळलं, आणि मी पान उलटलं.

गंमत म्हणजे पाळीवर असतानाही शीण येईना. एकच काम, ठरलेला वेळ, आणि पुढे सुटका नक्की. तेव्हा तळंही नीट दिसायला लागलं. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारनंतर त्यावर सुरकुत्या पडतात. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तळ्यावरची गार हवा काठाकडे येते. सूर्य मावळून जमीन पाण्याहून गार झाली की वारा उलट, काठाकडून पाण्याकडे वाहू लागतो. मुलांची रिकामी रिंग आपसूक आत निघाली तेव्हा ते समजलं. त्यानंतर संध्याकाळी रिंगा बंद. पाण्यात उभं राहिलं की पोटऱ्यांशी कोमट आणि जरा खोल बुडी मारली की पायाला एकदम बर्फ लागतो, कारण गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि थंड खाली बसतं. धक्क्यावरून थेट खोल पाण्यात उडी मारायला बंदी घातली ती यामुळेच. अचानक थंडी लागली की माणूस नकळत जोरात श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली नसावं.

(एक सावधगिरीची गोष्ट: शांत संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि तळ्यापलीकडे लख्ख पोहोचतो. नवरा-बायकोची वादावादी व्हरांड्यात करू नये. आम्हाला पलीकडच्यांची ऐकू आली, म्हणजे त्यांनाही आमची आली असणार.)

स्वयंपाकाच्याही अशाच पाळ्या लावल्या, पण तिथे सासूबाई बधल्या नाहीत. "मला ओट्याशीच बरं वाटतं, तुम्ही जा बघू." आधी मी हट्ट धरला, मग सोडून दिला. नवऱ्याचंही तसंच, होडीचं वल्हं घासत बसला की तो खूश. विश्रांतीची सक्ती करणं हाही एक जाचच आहे. सासूबाईंकडे जेवण राहिलं, भांडी आणि झाडलोट मात्र बाकीच्यांनी वाटून घेतली. यात कुरकुर झाली, पण फार नाही.

मुलांसाठी दुपार मुद्दाम रिकामी ठेवली होती. "कंटाळा आला" हे किती वेळा ऐकलं याची गणतीच नाही. मी काहीही सुचवलं नाही. मग त्यांनीच काठावरच्या चपट्या दगडांचा बाजार मांडला आणि जेवायला हाका मारूनही येईनात.

परत यायची तारीख मात्र मी एक दिवस अलीकडे ओढली, त्यावर घरात बरीच चर्चा झाली. तळ्याकाठचा एक दिवस कशाला बुडवायचा, असं नवऱ्याचं म्हणणं. पण सुट्टीत मिळालेली तरतरी कामावर रुजू झाल्यावर आठवड्याभरातच ओसरते, असं या विषयावरच्या अभ्यासांत दिसलंय. ओल्या कपड्यांचं गाठोडं आणि साठलेल्या मेलचा ढीग एकाच सकाळी अंगावर घेतला तर ती दुपारपर्यंतही टिकायची नाही. घरी पोहोचून कपडे धुतले, झोप काढली, आणि दुसऱ्या दिवशी आधी लिहून ठेवलेला कागद काढून पहिल्या कामाला लागले.

शिट्टी दिरांकडे आहे. पुढच्या वेळी पाळी अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटांची करावी, असं त्यांचं म्हणणं. मलाही पटतं, भर उन्हात पाण्याच्या चकाकीकडे अर्धा तास टक लावून बघणं जास्तच होतं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत लक्ष पातळ होतं.