एसीच्या ऑफिसात बाहेरची हवा आणताना

दुपारी चारनंतर आमच्या ऑफिसात जांभयांची साथ यायची. पुण्यातलं भरवस्तीतलं ऑफिस, ६६० चौरस फुटांत २२ माणसं, रस्त्याच्या गोंगाटामुळे खिडक्या कायम बंद. साहेबांचं म्हणणं, "दोन एसी आहेत, आणखी काय हवं?" पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा मीटर मागवला आणि मधल्या टेबलावर ठेवला. गच्चीवर ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवणारा काटा चार वाजता २,८०० वर. यानं विषबाधा होत नाही (आठ तासांच्या कामाला ५,००० ची मर्यादा धरतात), पण आपण एकमेकांचा उच्छ्वास घेतोय एवढं कळतं.

मग कायदे चाळले. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा वायुवीजनाची जबाबदारी मालकावर टाकतो. नेमका आकडा सापडला १९४८ च्या कारखाना कायद्यात: माणशी १४.२ घनमीटर जागा. आमचं ऑफिस काही कारखाना नाही, पण त्या हिशेबानं आमच्या दहा फुटी छताखाली १३ जणच मावले असते. मीटरपेक्षा हे गणित साहेबांना जास्त झोंबलं.

पहिला व्हेंडर एअर प्युरिफायर गळ्यात मारायला निघाला. तो धूळ गाळतो, कार्बन डायऑक्साइड जागच्या जागी. दुसरा म्हणाला, एक्झॉस्ट ठोका. आमच्या पॅन्ट्रीत एक होताच. तो लावून मी दाराच्या फटीशी उदबत्ती धरली, धूर सरळ आत वळला. दाराबाहेर पॅसेजमधलं टॉयलेट. विषय संपला.

ठरला तो फिल्टरवाला फ्रेश एअर फॅन, म्हणजे बाहेरची हवा गाळून आत ढकलणारा पंखा. अॅश्रे या एसी-वायुवीजनाच्या इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेच्या मानकानुसार ऑफिसला माणशी ५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), शिवाय चौरस फुटाला ०.०६, आमचे झाले १५०. हे किमान, आणि आमच्याकडे दाटी, म्हणून ३०० चा घेतला. हवा रस्त्याकडून न घेता मागच्या बोळातून घेतली. खरा वेळ खाल्ला तो भिंतीच्या कोअर कटिंगसाठी (मशीननं गोल भोक पाडायला) सोसायटीच्या परवानगीनं. बीमला धक्का लागणार नाही, हे सेक्रेटरींना तीनतीनदा लिहून हवं होतं.

आता दुपारी मीटर १,२०० च्या आसपास असतो. उन्हाळ्यात बाहेरची तापलेली हवा आत येते, त्यामुळे विजेचं बिल वाढलं, ते साहेब दर महिन्याला ऐकवतात. प्री-फिल्टर (मुख्य फिल्टरच्या आधीची जाळी) दर पंधरवड्याला धुवावा लागतो आणि निघणारं पाणी काळंकुट्ट असतं.