सूर्य पाठीशी ठेवून

मालदीवमध्ये पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या एका कॅटमरानवर, म्हणजे दोन सांगाड्यांच्या शिडाच्या नौकेवर, मी कॅप्टनची सहायक म्हणून काम करते. येथे वाऱ्याइतकेच लक्ष सूर्याकडे द्यावे लागते, कारण अटोलच्या, म्हणजे पोवळ्यांच्या कंकणाकृती बेटसमूहाच्या, आतल्या उथळ पाण्यात ‘गिरी’ म्हणजे पोवळ्यांचे उंचवटे पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेले असतात आणि ते सगळेच नकाशावर सापडत नाहीत. मुंबईच्या इंडियन नेव्हीतील रॉबर्ट मोर्सबी यांनी १८३४ ते १८३६ या काळात केलेल्या सर्वेक्षणाचे नकाशे विसाव्या शतकातही वापरात होते. आता पडद्यावर उपग्रहाने दाखवलेली जागा असते, तरी शेवटचा निर्णय नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवरच सोपवला जातो. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असेल तर वाळूचा तळ फिरोजी, खोल पाणी गडद निळे आणि पोवळे तपकिरी दिसते. तोच समोर आला की सगळा समुद्र चकाकणारा पत्रा होतो.

फेब्रुवारीतील त्या दिवशी आम्ही दक्षिण माले अटोलकडून वावू अटोलकडे निघालो होतो. ईशान्येचा वारा चांगला होता आणि दुपारच्या जेवणापूर्वी पूर्वेकडील कांडूतून, म्हणजे अटोलच्या कड्यातील खिंडीतून, आत शिरून नांगर टाकायचा असे ठरले होते. दोन अटोलांमधल्या खोल समुद्रात असताना हिरवट काळ्या जाळ्याचा एक तरंगता ढीग दिसला आणि त्याच्या कडेला एक कासव मान वर काढून श्वास घेताना दिसले.

कॅप्टनने शिडे उतरवून इंजिने बंद केली, कारण जाळ्याचा एक पदर पंख्यात गेला असता तर आम्हीही त्या कासवासारखेच अडकलो असतो. मालदीवचे मच्छीमार टुना गळाने, एकेक करून पकडतात. अशी जाळी बहुतेक बाहेरच्या समुद्रातून मोसमी प्रवाहांबरोबर वाहत येतात. मी आणि डेकवरचा मुलगा छोट्या होडीतून जवळ गेलो. ते ऑलिव्ह रिडले होते. आमच्या मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ज्यांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला गर्दी होते, तीच ही जात. नायलॉनचा दोर पुढच्या उजव्या वल्ह्याभोवती, म्हणजे कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाभोवती, इतका आवळला होता की कातडी फाटून आतले मांस पांढरे दिसत होते. बोथट टोकाच्या कात्रीने मी एकेक पीळ कापत गेले. घाई केली असती तर पात्याने उरलेली कातडीही कापली असती. सुटलेल्या कासवाला आम्ही ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवले, वल्हे हलते आहे याची खात्री केली आणि मग पाण्यात सोडले. ते तरंगत न राहता लगेच खाली गेले, तेव्हा कुठे जिवात जीव आला. जाळे मात्र तसेच सोडणे शक्य नव्हते. शीड चढवायच्या दोरखंडाने आणि विंचने ते पाणी निथळत वर ओढण्यात बराच वेळ गेला.

वावूजवळ पोहोचलो तेव्हा सूर्य पश्चिमेला कलला होता. पूर्वेच्या कांडूतून शिरायचे तर तोंड पश्चिमेला, म्हणजे सूर्य थेट डोळ्यांत. बाहेर नांगर टाकणेही अशक्य, कारण कड्याबाहेर तळ एकदम खोल जातो. पाहुण्यांपैकी एकाने, पडद्यावर वाट स्पष्ट दिसते आहे, मग अडचण काय, असे विचारले. (हा प्रश्न विचारणारा कोणी ना कोणी प्रत्येक फेरीत असतोच.) कॅप्टनने उत्तर न देता सुकाणू फिरवले आणि अटोलला बाहेरून वळसा घालून पश्चिमेच्या कांडूशी नौका आणली. त्या मोसमात तेथे प्रवाह बहुधा बाहेर वाहतो, त्या दिवशीही तो समोरून येत होता. त्यामुळे इंजिनांवर भार पडला, पण नौका जमिनीच्या मानाने सावकाश सरकत असूनही सुकाणूला नीट जुमानत होती. मी काळा चष्मा लावून नाळेवर उभी राहिले आणि हाताने डावे-उजवे दाखवत गेले. दोन गिरी नकाशावर होत्या. तिसरी, तपकिरी आणि ताटासारखी सपाट दिसणारी, नव्हती. ती आमच्या डाव्या बाजूने गेली.

वाळूवर नांगर धरल्यावर मी जाळ्याच्या छिद्रांची मापे घेतली, फोटो काढले आणि नोंदवहीत जागा व वेळ लिहिली. जेवताना पाहुण्यांनी सकाळी सूर्योदयालाच निघता येईल का, असे विचारले. कॅप्टनने दहाची वेळ सांगितली.