आमची वाटचाल: १९८८ चं लग्न आहे, २००९ चं नाही

मालवणच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ १९७९ पासून आहे. बाबांनी सुरू केला तेव्हा सामान काय, तर एक आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, लाइटच्या दोन छत्र्या आणि मागे रंगवलेला पडदा ज्यावर हिमालयासारखं काहीतरी होतं. १२० साइझचा रोल, बारा चौकोनी फोटो, संपले की संपले. ब्लॅक अँड व्हाइट रोल बहुतेक वेळा इंदू, म्हणजे उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. पासपोर्ट फोटो, लग्न ठरल्यावरचे जॉइंट फोटो, आंगणेवाडीची जत्रा, दशावतार, यावर घर चालायचं.

मला लहानपणीचं सगळ्यात जास्त काय आठवतं तर बर्फ. ब्लॅक अँड व्हाइटचा डेव्हलपर, म्हणजे रोलवर फोटो उमटवणारं केमिकल, २० डिग्रीला वापरायचा असतो आणि आमच्या नळाचं पाणी मे महिन्यात ३० ला टेकलेलं. एवढ्या गरम पाण्यात रोल धुतला की वरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, बोट लागलं तरी सोलवटतो. मग बाबा म्हणायचे, "जा रे, बर्फ घेवन ये." मी सायकलवरून जेटीकडे जायचो, मासळीसाठी फोडलेल्या बर्फातलं एक ढेकूळ गोणपाटात गुंडाळून आणायचो. बर्फ घमेल्यात, घमेल्यात पाणी, पाण्यात केमिकलच्या बाटल्या, आणि बाबा थर्मामीटर धरून बसलेले. डार्करूममध्ये हायपो (फोटो पक्का करायचं केमिकल) आणि बांगड्याचा असा मिक्स वास यायचा की तो ज्याने घेतलाय त्यालाच कळेल.

कलर आल्यावर हे सगळं हातातून गेलं. रोल एसटीच्या पार्सलने कोल्हापूरच्या लॅबला जायचे, पावसात घाट बंद पडला की आठ-आठ दिवस अडकायचे आणि गिऱ्हाईक दारात उभं. मी १९९८ ला पूर्णवेळ धंद्यात आलो तेव्हा आम्ही फक्त फोटो काढणारे आणि पार्सल बांधणारे झालो होतो. त्यामुळे २००६ ला पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. रोलचा खर्च नाही, पार्सल नाही, फोटो लगेच दिसतो, लग्नात हजार क्लिक मारा कोण विचारतोय. एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं मशीन, मी भंगारात दिला. निगेटिव्हपण देणार होतो, कारण तेव्हा चांदी काढायला जुन्या निगेटिव्ह किलोवर घेणारे लोक फिरायचे. बाबा एकदाच बोलले, "ती लोकांची आसत, आपली न्हय." मग खोकी माळ्यावर गेली आणि रोल धुवायचा टँकपण त्यांच्याबरोबर गेला, मुद्दाम जपला वगैरे काही नाही.

२०१३ च्या पावसात लाइटचा खेळ चालू असताना आमची हार्ड डिस्क गेली. २००७ ते २०११ ची सगळी लग्नं, मुंजी, बारशी त्यात होती आणि दुसरी कॉपी नव्हती. कुठे कुठे पाठवून बघितली, काही आलं नाही. यात दोष कुणाचा, तर माझा. ज्यांनी सीडी नेल्या होत्या त्यांच्यातल्यापण निम्म्या सीडी आता लागत नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एक काकी आल्या. त्यांची आई वारली होती, घरात धड फोटो नाही. "माझ्या आवशीचो एखादो फोटो गावता काय बघ रे, माझ्या लग्नात तुझ्या बापाशीनच काढलेले." लग्न १९८८ चं. मी माळ्यावर चढलो, बाबांच्या अक्षरात साल घातलेली बटरपेपरची पाकिटं, अर्ध्या तासात सापडलं. एका कोपऱ्याला बुरशी लागलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कारण जिलेटिन म्हणजे बुरशीला जेवणच आणि कोकणातली हवा तुम्हाला माहीत आहेच. पण आई मधोमध उभी होती, हातात तांब्या, नवरीकडे न बघता भलतीकडेच बघत. पांढऱ्या लाइटवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचा फोटो काढला, उलटा केला, मोठी प्रिंट मारून दिली. काकी गेल्यावर लक्षात आलं की हिच्याच मुलीचं लग्न २००९ ला मी शूट केलं होतं आणि ते माझ्याकडे नाही.

तेव्हापासून मला फिल्मबद्दल आदर आला, पण धंदा म्हणून काही डोक्यात नव्हतं. २०१९ ला पुण्याचा एक कॉलेजचा मुलगा आजोबांचा याशिका कॅमेरा घेऊन आला, रोल कुठे धुवून मिळेल विचारत. मी हसलोच आधी. मग म्हटलं टँक आहे, बघू. आणि गंमत अशी की कलर धुणं आमच्याकडे उलट सोपं निघालं! कलर केमिकलला जवळजवळ ३८ डिग्री लागते, आमचं पाणी आधीच ३० ला, बादलीत थोडं गरम पाणी ओतलं की झालं. डेव्हलपर सव्वातीन मिनिटं, मग ब्लीच-फिक्स नावाचं दुसरं केमिकल, मग धुणं. ब्लॅक अँड व्हाइटला मात्र अजून बर्फच, फक्त आता घरच्या फ्रिजमधला.

सगळं नीट चाललं असं नाही. एकाने स्वस्तातला रोल आणला, सांगितलं नाही की तो सिनेमाच्या फिल्मचा, सुटा करून भरलेला आहे. त्या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर होता, रेमजेट म्हणतात, तो आधी खायच्या सोड्याच्या पाण्यात काढावा लागतो. मी तसाच टाकला. केमिकलचं डांबर झालं, त्याच टँकमधल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या रोलवर काळे ठिपके बसले, त्याला नवीन रोल घेऊन दिला आणि आख्खं किट फेकलं. आता काउंटरवर पहिला प्रश्न तोच, रोल कुठला, सिनेमाचा तर नाही ना.

हिशोबाचं पण सांगतो कारण लोक विचारतात. कलर रोल आज हजाराच्या आसपास पडतो, ३६ फोटो, वर धुणं आणि स्कॅन. एका लिटरच्या किटमध्ये मी दहा-बारा रोल धुतो आणि एकदा कालवलं की ते फार दिवस टिकत नाही, म्हणून दहा रोल जमेपर्यंत थांबतो, म्हणजे गिऱ्हाइकाला दोन-तीन आठवडे. फक्त यावर दुकान चालणार नाही. लग्नं आणि पासपोर्ट साइझ फोटोच चालवतात, आणि तिसरं म्हणजे लेन्सची बुरशी साफ करणं, ते काम इथे कधी संपत नाही. (कॅमेरा कातडी केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका हो. झिरोचा बल्ब लावलेलं कपाट नसेल तर निदान डब्यात सिलिका जेल टाका. आणि रोल मे महिन्यात गाडीच्या डिकीत नको, रंग बिघडतात.)

पोरांना यात काय आवडतं ते मला आधी कळत नव्हतं. तो जुना रंग, दाणे वगैरे तर मोबाइलच्या फिल्टरमध्येपण मिळतं. एकदा तारकर्लीला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना बघायला एक ग्रुप आला होता, मी पण होतो. एक मुलगी पेंटॅक्स के १००० हा रोलचा कॅमेरा घेऊन दीड तास दोरीच्या बाजूने नुसती चालत होती, दोन फोटो काढले. तिच्या मैत्रिणीने मोबाइलवर दोनशे काढले आणि जाळं वाळूवर आलं तेव्हा ती मान खाली घालून त्यातले डिलीट करत बसली होती. त्या दोनातला एक फोटो आउट ऑफ फोकस होता, हेही सांगतो. पण दुसऱ्यात भर दुपारच्या लाटेचा फेस, म्हणजे डिजिटलमध्ये जो सपाट पांढरा होऊन जातो, तो सगळा दिसत होता, मासळीचं चांदीसारखं अंगपण. निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. डिजिटलचं बरोब्बर उलट. बाबांचा नियमच होता, कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ ला आणि रोलवर जो स्पीडचा आकडा तोच शटरला, २०० चा रोल तर अडीचशे, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग, आणि वाळूवर असाल तर छिद्र आणखी बारीक, एफ २२. उजेड मोजायचा मीटर नव्हताच त्यांच्याकडे.

आता एका गोष्टीचा राग येतो ती सांगतो. ही पोरं तीन आठवडे थांबतात, पैसे मोजतात, मी स्कॅन व्हॉट्सॲपवर पाठवतो, त्याच संध्याकाळी स्टोरीला लागतात आणि निगेटिव्ह न्यायला कुणी येत नाही. फोन केला तर म्हणतात काका टाकून द्या, स्कॅन आहेत ना. गेल्या वर्षी मोजली तर ७० च्या वर पाकिटं ड्रॉवरमध्ये पडलेली. टाकली नाहीत. बाबांच्या खोक्यांशेजारी माळ्यावर ठेवलीत, साल घालून, आतमध्ये सिलिका जेलची पुडी. आणि आता नवीन नियम केलाय, आधी निगेटिव्ह हातात घ्या, मग मी स्कॅन पाठवतो. कुरियरचे साठ रुपये लागतात म्हणून दोन गिऱ्हाइकं नाराज झाली, एक गेलंसुद्धा.